कीड गेली, मग कळ कसली?

मे महिन्यातलं नागपूर, पारा 45 अंशांवर. रसवंतीत बर्फ घातलेला उसाचा रस समोर येतो, तुम्ही पहिला घोट घेता आणि... आई गं! कालच भरलेल्या दाढेतून सणसणीत कळ जाते. कीड तर डॉक्टरांनी कोरून काढली, खड्डाही बुजवला. मग आता दुखतंय काय?

दुखतोय तो जिवंत दात! निर्जीव असतं ते फक्त त्याचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल. त्यात 96 टक्के खनिजंच. त्याखाली डेंटिन, आणि अगदी आत रक्तवाहिन्या नि नसांनी भरलेला मऊ गर. खरी गंमत आहे डेंटिनमध्ये. वहीवर एक मिलिमीटरचा इवलासा चौकोन काढा. गराजवळच्या तेवढ्याशा डेंटिनमध्ये 45,000 च्या आसपास नळ्या असतात, आणि त्या सगळ्या द्रवाने भरलेल्या! थंड लागलं की हा द्रव बाहेरच्या बाजूला सरकतो, आतल्या टोकाशी असलेल्या नसेला ते जाणवतं आणि कळ उठते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात प्रयोग करकरून ही गोष्ट मांडली.

आता दाढ भरताना काय होतं बघा. कीड कोरली की या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. खड्डा जितका खोल, तितका गर जवळ. मग डॉक्टर त्यात पांढरा मसाला भरतात आणि निळा दिवा धरतात. काही सेकंदांत मसाला घट्ट होतो, पण घट्ट होताना किंचित आकसतोही, शंभरात दोन-तीन भाग. कडेला बारीकशी फट राहिली तर नळ्यांतला द्रव हलायला मोकळा!

कधी कारण अगदीच साधं असतं. भरलेला भाग केसभर उंच राहतो आणि प्रत्येक घासाला सगळा भार त्या एकाच दाढेवर येतो. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात ना, तो हा उंचवटा शोधायलाच.

आणि दातदुखीवरची आजीची लवंग? तिची गोष्ट तर मला फारच आवडते. गराच्या कडेला डेंटिन बनवणाऱ्या पेशींची रांग असते. थंडी ओळखणारं एक प्रथिन याच पेशींत असल्याचं 2021 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. त्याचं नाव टीआरपीसी 5. लवंगेतलं युजेनॉल नेमकं त्यालाच गप्प करतं! (तरी लवंगेचं तेल मनाने लावू नका हं, हिरडी भाजते.) याच पेशी दाढ भरल्यानंतर हळूहळू आतून नवं डेंटिनही रचतात.

म्हणून ही कळ बहुधा दोन-चार आठवड्यांत ओसरते. तोवर बर्फाचा गोळा जरा लांबच ठेवा. पण थंड पिऊन झाल्यावरही ठणका थांबत नसेल, रात्री झोप मोडत असेल किंवा चावताना दाढ उंच लागत असेल, तर घरी लगेच सांगा आणि डॉक्टरांकडे परत जा. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या आवारात 1968 पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येतं.