विमान चालवता येतं का, ते चालवूनच कळेल

विमान चालवायला पाय कशाला लागतात? प्रवासी म्हणून बसणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही. लहान प्रशिक्षण विमानात वैमानिकाच्या एका हातात स्टिक किंवा योक असतो. तो पुढेमागे केला की विमानाचं नाक खालीवर होतं, बाजूला कलवला की पंख कलतात. दुसरा हात इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवर असतो. पायांशी दोन पेडल असतात. त्यांनी शेपटीवरचा रडर हलतो, आणि जमिनीवर असताना अनेक विमानांत पुढचं चाकही वळतं. बहुतेक विमानांत ब्रेकही त्याच पेडलांच्या वरच्या टोकाला असतात. म्हणजे पायांकडे कामं दोनच, दिशा सांभाळणं आणि थांबवणं. ही दोन्ही कामं हातांकडे देता येतात. जगभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये दिसणाऱ्या पायपर कंपनीच्या पीए-२८ जातीच्या विमानात पेडलांना एक दांडी जोडतात. ती पुढे ढकलली की एक पेडल दाबलं जातं, मागे ओढली की दुसरं. ब्रेकसाठी या विमानात हाताने ओढायचा खटका मुळातच दिलेला असतो. काम झालं की दांडी काढून ठेवायची आणि त्याच विमानात पुढच्या तासाला धडधाकट विद्यार्थ्याने शिकायचं. अमेरिकेत तर १९३०च्या दशकातच फ्रेड विक नावाच्या अभियंत्याने अर्कूप हे विमान रेखलं. त्यात रडर आणि पंखांवरचे पट्टे एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे पेडलांची गरजच उरली नव्हती. अपंगांसाठी म्हणून त्याने ते केलं नव्हतं. विमान चालवणं मोटारीइतकं सोपं आणि सुरक्षित व्हावं, एवढाच त्याचा हेतू होता.

तंत्र इतकं जुनं आणि साधं असेल, तर ज्यांचे पाय काम करत नाहीत अशी माणसं वैमानिकाच्या जागेवर इतकी क्वचित का दिसतात? पैसा हे एक कारण. उड्डाणाचं शिक्षण कोणालाही महागच पडतं. पण त्याआधीचं कारण असं की, परवाना देणारी यंत्रणा बहुतेक वेळा शरीराकडे पाहून निर्णय घेते, ते शरीर काय करू शकतं हे तपासायची वेळच येऊ देत नाही. अपंग व्यक्तींसाठीच्या उड्डाण शिष्यवृत्त्यांचं खरं महत्त्व मला इथे वाटतं. त्यांनी वाटलेले पैसे थोडे आहेत आणि त्यातून तयार झालेले वैमानिकही थोडे. पण त्यांनी तपासणी कागदावरून धावपट्टीवर आणली.

ज्या माणसाच्या स्मरणार्थ यातली एक जुनी शिष्यवृत्ती सुरू झाली, त्याचीच गोष्ट या मुद्द्याचा पहिला पुरावा आहे. डग्लस बेडर हा ब्रिटिश हवाई दलातला तरुण अधिकारी. १४ डिसेंबर १९३१ रोजी रेडिंगजवळच्या वुडली विमानतळावर अगदी खालून कसरती करताना त्याचं ब्रिस्टल बुलडॉग विमान कोसळलं आणि दोन्ही पाय कापावे लागले. कृत्रिम पायांवर तो चालायला शिकला, पुन्हा विमान चालवू लागला आणि हवाई दलाच्या प्रशिक्षकांसमोर त्याने ते सिद्धही केलं. तरी वैद्यकीय मंडळाने नकार दिला. कारण मासलेवाईक होतं: अशा माणसाबद्दल नियमावलीत तरतूदच नव्हती. त्याला विमान चालवता येत नाही, असं कोणी म्हणालंच नव्हतं. १९३३मध्ये त्याला सक्तीने निवृत्त केलं गेलं. पुढे १९३९ला युद्ध सुरू झालं, वैमानिकांचा तुटवडा पडला, त्याची पुन्हा चाचणी झाली आणि तो पास झाला. ब्रिटनच्या हवाई लढाईत त्याने २४२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं. ऑगस्ट १९४१मध्ये तो जर्मनांच्या हाती लागला आणि कोल्डित्झच्या किल्ल्यात कैदी झाला. पाय १९३३लाही नव्हते, १९३९लाही नव्हते. मधल्या काळात बदलली ती हवाई दलाची गरज. गरज पडली की तपासणी होते आणि नसली की नियमावली उघडली जाते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बेडर १९८२मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी ‘फ्लाइंग स्कॉलरशिप्स फॉर डिसेबल्ड पीपल’ ही धर्मादाय संस्था ब्रिटनमध्ये उभी राहिली. तिच्या शिष्यवृत्तीवर आजवर चारशेहून अधिक माणसं विमानात शिकायला बसली. अर्ज, वैद्यकीय छाननी, मुलाखत असे टप्पे असतात. निवडीची फेरी क्रॅनवेलला, म्हणजे जिथे बेडर स्वतः कॅडेट होता त्याच हवाई दल महाविद्यालयात घेतली जाते. निवडलेले लोक काही आठवडे रोज उडतात, हवामान आणि हवाई दिशादर्शनाचा अभ्यास करतात, परीक्षा देतात. सगळेच पूर्ण परवान्यापर्यंत पोचत नाहीत आणि संस्थेचा तसा आग्रहही नसतो. एकट्याने विमान उचलून, चक्कर मारून, परत उतरवणं हा टप्पा गाठला तरी अपघाताने किंवा आजाराने खचलेल्या माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज बदलतो, असा तिचा अनुभव आहे. मला यातला ‘रोज उडतात’ हा भाग जास्त मोलाचा वाटतो. एका दिवसाची हवाई सफर घडवून फोटो काढणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. इथे प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या चुका काढतो, लँडिंग वाईट झालं की पुन्हा करायला लावतो, आणि प्रत्येक तासाची नोंद लॉगबुकात होते.

अमेरिकेत हाच धागा वेगळ्या वाटेने पुढे गेला. २००४मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने ‘स्पोर्ट पायलट’ नावाचा नवा परवाना आणला. त्याच्या तेव्हाच्या अटी अशा होत्या: हलकी, दोन आसनांची विमानं, दिवसाचं उड्डाण, किमान २० तासांचं प्रशिक्षण, आणि वैद्यकीय दाखल्याऐवजी मोटार चालवण्याचा वैध परवाना पुरेसा. हा नियम अपंगांसाठी केलेला नव्हता, पण दार उघडं झालं ते त्यांच्यासाठीही. दोनच वर्षांनी ‘एबल फ्लाइट’ ही संस्था निघाली. हाताने चालवता येणारी हलकी विमानं मिळवून ती शिष्यवृत्त्या देऊ लागली आणि २०१०पासून इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाबरोबर दर उन्हाळ्यात प्रशिक्षण वर्ग चालवू लागली. जन्मतः दोन्ही हात नसलेल्या जेसिका कॉक्सला या संस्थेचा आधार मिळाला. ऑक्टोबर २००८मध्ये तिने परवाना मिळवला तो पेडल नसलेल्या अर्कूपवर, एका पायाने योक आणि दुसऱ्याने थ्रॉटल सांभाळून. सत्तर वर्षांपूर्वी कुणा भलत्याच हेतूने केलेली रचना, चार वर्षांपूर्वीचा नियम आणि दोन वर्षांची संस्था या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळल्या म्हणून हे घडलं. नियम सैल नसता तर शिष्यवृत्तीचे पैसे वाया गेले असते, आणि शिष्यवृत्ती नसती तर नियम बदलणं अशा किती जणांच्या उपयोगी पडलं असतं, शंकाच आहे.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो भावनेच्या भरात झटकून टाकण्यासारखा नाही. विमान फक्त वैमानिकाला घेऊन पडत नाही. जळत्या विमानातून बाहेर पडायला किती सेकंद लागतील, अर्धांगवायू झालेल्या पायाला अचानक आकडी आली तर तो पेडलात अडकेल का, संवेदना नसलेल्या त्वचेवर लांब उड्डाणात जखम होईल का, हे प्रश्न खरे आहेत. पीए-२८ला एकच दार, तेही उजव्या पंखावर. व्हीलचेअरवरून पंखावर चढणं हीच पहिली परीक्षा असते. काहींना यातलं काही जमणार नाही आणि त्यांना परवाना मिळूही नये. पण या प्रश्नांची उत्तरं मोजून काढता येतात, आणि जगाने ती काढलेली आहेत. अमेरिकेत स्थिर स्वरूपाचं व्यंग असलेल्या अर्जदाराला तपासनिसाबरोबर वैद्यकीय उड्डाण चाचणी देता येते. त्यात क्षमता दिसली तर तसं प्रमाणपत्र मिळतं. युरोपात वैद्यकीय दाखल्यावरच मर्यादांची सांकेतिक अक्षरं छापतात: फक्त मान्य हँड कंट्रोल असलेल्या विमानावर, फक्त मान्य कृत्रिम अवयवासह, फक्त सोबत सेफ्टी पायलट असताना, प्रवासी न घेता, इत्यादी. चष्मा लावूनच गाडी चालवावी असा शेरा असतो, तसंच हे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टातही, वैद्यकीय निकष पुरा न करणाऱ्याला त्याचं कौशल्य आणि अनुभव पाहून, सुरक्षिततेला धोका नाही असं तज्ज्ञांचं मत पडल्यास, अटींसह परवाना देण्याची मुभा आहे. सरसकट मनाईने हे प्रश्न सुटत नाहीत, ते विचारायचेच राहून जातात.

व्यंग म्हणजे अक्षमता नव्हे, याचं एक जुनं उदाहरण आहे. एकाच डोळ्याचा अमेरिकी वैमानिक वायली पोस्ट १९३३मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आठ दिवसांच्या आत परतला. पहिलं विमान त्याने विकत घेतलं होतं ते तेलविहिरीवर डोळा गमावल्याच्या भरपाईतून. त्याला शिष्यवृत्ती कोणी दिली नव्हती. अपघाताच्या पैशानेच ती गरज भागवली.

दुसरा आक्षेप आपल्याकडे हमखास येईल. २०११च्या जनगणनेनुसार भारतात दोन कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती, त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालीचं अपंगत्व. एकट्या महाराष्ट्रात सगळे मिळून साडेएकोणतीस लाखांवर. बसमध्ये चढता येत नाही, शाळेला रॅम्प नाही, तहसील कचेरीत लिफ्ट नाही, आणि तुम्ही विमानाच्या गोष्टी करता? आक्षेपातली कळकळ मान्य. पण त्यामागचा हिशेब मला पटत नाही. रॅम्प आणि बस ही सरकारची कायदेशीर जबाबदारी आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती स्पष्ट केली आहे, आणि ती देणग्यांवर सोपवणं हेच चुकीचं. उड्डाण शिष्यवृत्ती खासगी देणगीतून चालते. ती बंद केली म्हणून कुठल्या एसटी स्थानकावर रॅम्प बांधला जाणार नाही. शिवाय, गरजा क्रमाने भागवायच्या आणि हौस शेवटी, हा नियम आपण धडधाकट माणसाला लावत नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो देशात शाळा आणि दवाखाने पुरेसे होते म्हणून नव्हे.

तिसरा आक्षेप अपंगांच्या चळवळीतूनच येतो आणि तो मला सर्वांत विचार करायला लावतो. असे कार्यक्रम तमाशा होतात, चार जणांना नायक करतात आणि बाकीच्यांना अप्रत्यक्षपणे सुनावतात: त्यांना जमलं, तुम्हाला का नाही? बेडरवर १९५६मध्ये चित्रपट निघाला आणि तो दंतकथा झाला. आपल्या वर्तमानपत्रांना तर ‘जिद्दीपुढे आकाश ठेंगणे’ हा मथळा तयारच असतो. पण जिद्दीने रडर हलत नाही, दांडीने हलतो. जिद्दीचं कौतुक करणारी बातमी दांडीची किंमत, तिला मिळालेली तांत्रिक मान्यता, तपासनिसाचा अहवाल यांतलं काहीच सांगत नाही, आणि पुढच्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. म्हणून शिष्यवृत्ती किती चांगली, हे ओळखायची माझी खूण वेगळी आहे. तिच्यामुळे एखादं विमान कायमचं बदललं का, एखादा प्रशिक्षक तयार झाला का, परवान्याच्या कार्यपद्धतीत एक ओळ वाढली का? व्हीलचेअर वापरणाऱ्या डोरीन बूर्नतोंने २०१५च्या पॅरिस एअर शोमध्ये कसरती करून दाखवल्या, त्याआधी फ्रान्समधले नियम बदलावेत म्हणून ती अनेक वर्षं झगडली होती. त्या झगड्याची बातमी कसरतींपेक्षा लहान छापली गेली असणार.

आपल्याकडे या विषयाचं चित्र उलटं आहे. हवाई दलाचे मिग-२१चे वैमानिक एम. पी. अनिल कुमार १९८८मधल्या मोटरसायकल अपघातानंतर मानेखाली लुळे झाले, पुण्याच्या खडकीतल्या पॅराप्लेजिक केंद्रात राहिले आणि तोंडात लेखणी धरून लिहीत राहिले. आकाशातून खुर्चीपर्यंतच्या प्रवासावरचा त्यांचा इंग्रजी लेख शाळेच्या पाठ्यपुस्तकातही होता. खुर्चीतून आकाशाकडे जाण्याचा धडा मात्र आपल्याकडे अजून लिहायचा आहे. कोलकात्याच्या अनाथालयात वाढलेला, पोलिओ झालेला गौतम लुईस वैमानिक झाला, पण ब्रिटनमध्ये जाऊन. कारगिल युद्धात पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग यांनी मार्च २०१९मध्ये नाशिकमध्ये विमानातून एकट्याने उडी घेतली. लष्कराने त्यांना प्रशिक्षण दिलं म्हणूनच ते शक्य झालं. दुसऱ्या बाजूला, सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२मध्ये प्रवासी म्हणून बसलेल्या विमानातून उतरवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये त्यांना दहा लाखांची भरपाई देववली. ज्या देशात प्रवासी म्हणून बसायला न्यायालयात जावं लागतं, तिथे वैमानिकाच्या जागेची गोष्ट दूरची वाटते खरी.

तरी कायद्याचा कल स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये वैद्यकीय प्रवेश नाकारलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्यावर गेली एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. उमेदवार अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिलं पाहिजे. वैद्यकशास्त्रात रुग्णाचा जीव पणाला लागलेला असतानाही क्षमतेची तपासणी मान्य होते, तर उड्डाणात तिला नकार कोणत्या तर्काने द्यायचा?

बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर अशा ठिकाणी महाराष्ट्रात उड्डाण प्रशिक्षणाची परंपरा आहे. खडकीचं केंद्र बारामतीपासून रस्त्याने काही तासांवर. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाच्या खर्चासाठी दिव्यांगांचं शिक्षण आणि कौशल्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे देणगीदाराला वेगळी वाट काढायची गरज नाही. एका प्रशिक्षण संस्थेने एका विमानाला मान्य हँड कंट्रोल बसवावं, दोन प्रशिक्षकांना ते वापरायला शिकवावं, एका उद्योगसमूहाने वर्षाला चार विद्यार्थ्यांचा खर्च उचलावा, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या चौघांची वैद्यकीय तपासणी टेबलावर न संपवता विमानात पुरी करावी. चौघांपैकी दोघे नापास झाले तरी चालेल, मात्र नापास का झाले हे अहवालात लिहिलेलं असावं.