क्वाला कांगसार : सुलतान इद्रिस यांची राजनगरी

मलेशियाच्या पेराक राज्यात, पेराक नदीच्या काठी वसलेले क्वाला कांगसार हे तेथील सुलतानांचे राजनगर होय. ब्रिटिश अंमलाखाली राज्यकारभार हातचा गेल्यावरही मलाय राजपदाने आपली प्रतिष्ठा कशी राखली, याची साक्ष या लहानशा नगरातील वास्तू देतात, आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या वास्तू सुलतान इद्रिस मुर्शिदुल अझम शाह यांच्या कारकिर्दीशी (१८८७–१९१६) निगडित आहेत.

या कारकिर्दीची चौकट २० जानेवारी १८७४ च्या पांगकोर कराराने आधीच आखून दिली होती. या करारान्वये पेराकमध्ये रेसिडेंट, म्हणजे भारतातील संस्थानांप्रमाणे राजाजवळ नेमलेला ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी, आला आणि मलाय धर्म व रूढी हे विषय वगळता अन्य सर्व बाबतींत त्याचा सल्ला घेणे व तो अमलात आणणे सुलतानावर बंधनकारक झाले. पहिला रेसिडेंट जेम्स बर्च २ नोव्हेंबर १८७५ रोजी पासिर सलाक येथे मारला गेला. त्यावर इंग्रजांनी फौज धाडून उठाव मोडून काढला आणि सुलतान अब्दुल्ला यांना पुढे सेशेल्स बेटांवर हद्दपार केले. १८७७ मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या ह्यू लो याने मात्र मलाय सरदारांना राज्य मंडळात, म्हणजे सल्लागार सभेत, सामावून घेतले आणि त्याच सभेत तरुण राजपुत्र इद्रिस यांना नव्या कारभाराची ओळख झाली.

१८९६ मध्ये पेराक, सलांगोर, नेगरी सम्बिलान आणि पाहांग या चार राज्यांचा संघ अस्तित्वात आला. चारही राज्यकर्त्यांचा पहिला दरबार १८९७ मध्ये क्वाला कांगसार येथेच भरला, परंतु प्रत्यक्ष सत्ता क्वालालंपूरच्या रेसिडेंट-जनरलकडे एकवटत गेली. त्या शहरात १९०३ मध्ये भरलेल्या दुसऱ्या दरबारात इद्रिस यांनी, एका नौकेला दोन तांडेल असू नयेत तसे एका देशाला चार राज्यकर्तेही असू नयेत, अशा आशयाचे भाषण करून प्रत्येक राज्याचा कारभार त्याच्याच अधिकाऱ्यांच्या हाती राहावा, अशी भूमिका मांडली. इंग्रजांशी मैत्री राखणाऱ्या सुलतानाने भर दरबारात नोंदवलेला हा आक्षेप विशेष मोलाचा आहे. तथापि १९०९ मध्ये स्थापन झालेल्या संघीय मंडळामुळे केंद्राची पकड आणखी घट्ट झाली.

मलाय उमरावांच्या मुलांना सरकारी सेवेसाठी इंग्रजी शिक्षण देणारी निवासी शाळा १९०५ मध्ये क्वाला कांगसार येथे सुरू झाली. मलाय कॉलेज या नावाने ती आजही नांदती असून, देशाच्या प्रशासकांची व राजकीय नेत्यांची एक मोठी फळी तिने घडवली.

नगराचे भूषण असलेली उबुदिया मशीद बुकित चंदान या टेकडीवर उभी आहे. दुखण्यातून बरे झाल्यास सुंदर मशीद बांधीन, हा नवस फेडण्यासाठी इद्रिस यांनी १९१३ मध्ये तिचे काम सुरू करवले. क्वालालंपूरच्या रेल्वे स्थानकाचे वास्तुरचनाकार आर्थर बेनिसन हबॅक यांनी तिचा आराखडा केला. मध्यभागी सोनेरी घुमट, त्याला बिलगून उभे मिनार आणि भिंतींवर संगमरवराचे आडवे पट्टे अशी तिची रचना असून, तिच्यावर भारतातील मोगल वास्तुकलेची छाया स्पष्ट दिसते. बांधकाम चालू असताना दोन हत्तींच्या झुंजीत इटलीहून आणलेल्या संगमरवरी फरशा फुटल्या, त्यात पहिल्या महायुद्धाची भर पडली आणि काम लांबत गेले. १४ जानेवारी १९१६ रोजी इद्रिस यांचे निधन झाले. मशिदीचे उद्घाटन १९१७ मध्ये त्यांचे पुत्र सुलतान अब्दुल जलील यांच्या हस्ते झाले.

पांगकोर कराराने सुलतानाकडे धर्म आणि रूढी एवढेच क्षेत्र ठेवले होते, आणि इद्रिस यांची ही मशीद त्याच क्षेत्रात उभी राहिली. १९५७ मध्ये वसाहतीचा अंमल संपला, रेसिडेंटची गादी इतिहासजमा झाली. मात्र देशाच्या राज्यघटनेनुसार पेराकचे सुलतान आजही आपल्या राज्यात इस्लामचे प्रमुख आहेत. परकीयांनी किरकोळ समजून सोडून दिलेला अधिकारच अखेर सर्वांत टिकाऊ ठरला.