बर्फाखाली बघायचे कुठे?
लेखमाला : आवाजाने पाहणे (लेखांक 6)

मागच्या आठवड्यात आपण ट्रॉलरवरचा फिशफाइंडर पाहिला. बोट पुढे सरकते आणि तिच्या खालच्या पाण्याचे चित्र पडद्यावर उमटत जाते. गोठलेल्या तलावावर ही सोय नाही. माणूस बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडतो. भोक जागचे हलत नाही, मासे मात्र फिरत असतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळाभर अशी मासेमारी चालते. कामानिमित्त मिनियापोलिसला राहणाऱ्या वाचकांनी तलावांवर उभी राहिलेली तंबू-झोपड्यांची वस्ती पाहिली असेल. त्या तंबूंमध्ये गेल्या काही वर्षांत लाइव्ह सोनार शिरला आहे, आणि ‘घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय बघून’ हा तिथला दर हिवाळ्याचा प्रश्न झाला आहे.

आधी जुने यंत्र. त्याला फ्लॅशर म्हणतात. गोल तबकडीवर रंगीत रेघा लुकलुकतात : हिरवी म्हणजे क्षीण प्रतिध्वनी, लाल म्हणजे जोरकस. भोकाच्या सरळ खाली आवाज सोडायचा, परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, खोली सांगायची, एवढेच त्याचे काम. थंडगार गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,400 मीटर जातो, त्यामुळे दहा मीटरवरच्या माशाची खबर एका सेकंदाच्या सत्तराव्या भागात येते. गळाची हिरवी रेघ, तिच्याखाली हळूच उमटणारी दुसरी रेघ, ती जाड होत लाल झाली की काठी तयार ठेवायची. ही भाषा शिकलेला माणूस फ्लॅशरवर वर्षानुवर्षे सुखाने मासे पकडतो.

त्याची अडचण वेगळीच आहे. आवाज शंकूच्या आकारात पसरतो. शंकूचा कोन 20 अंशांचा धरला तर 40 फुटांवर तळाचे साधारण 14 फूट व्यासाचे वर्तुळ दिसते, पण 15 फुटांवर जेमतेम सव्वापाच फुटांचे. अप्पर रेड लेकसारख्या उथळ, सपाट तलावात मासा सहा फूट बाजूने निघून गेला, तर फ्लॅशरला त्याचा पत्ताही लागत नाही.

लाइव्ह सोनार नेमका इथे कामाला येतो. गार्मिनने 2018 मध्ये लाइव्हस्कोप आणला. पुढे लॉरन्सचा अ‍ॅक्टिव्हटार्गेट आणि हमिनबर्डचा मेगा लाइव्ह आला. यांच्या ट्रान्सड्युसरमध्ये, म्हणजे आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागात, एकाऐवजी अनेक बारीक घटक ओळीने बसवलेले असतात. एकच प्रतिध्वनी प्रत्येकापर्यंत किंचित मागेपुढे पोहोचतो, आणि त्या फरकावरून यंत्र दिशा काढते. सेकंदाला अनेकदा हा हिशेब होत असल्याने पडद्यावर हलते चित्र दिसते : गळाचा ठिपका खाली उतरतो, चाळीस फुटांवरून एक लांबट ठिपका त्याच्याकडे येतो, गळापाशी थबकतो आणि वळून निघून जातो. तो का वळला, हे मात्र यंत्र सांगत नाही.

एक मर्यादा दुकानात कोणी आपणहून सांगणार नाही. लाइव्हस्कोपची नजर उभ्या दिशेने 135 अंश असली तरी आडवी फक्त 20 अंश असते. विजेरीच्या झोतासारखी ती फिरवावी लागते, म्हणून ट्रान्सड्युसर दांड्याला बांधून हाताने फिरवत शोध घ्यायचा. हा दांडा लांब हवा. फेब्रुवारीअखेर उत्तर मिनेसोटात बर्फ दोन-तीन फूट जाड असतो, आणि ट्रान्सड्युसर बर्फाच्या तळाखाली उतरला नाही तर पुढचे काहीच दिसत नाही.

आता खरेदी. माझ्या मते कंपनीचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि बॅटरीचा सर्वांत आधी. फ्लॅशर इतकी कमी वीज खातो की छोटी बॅटरी दिवसभर पुरते. लाइव्ह सोनार पडद्यासकट तीन-चार अँपिअर सहज ओढतो. सहा तास बसायचे तर 24 अँपिअर-तासांची तरतूद हवी, आणि थंडीसाठी वर थोडी जास्त. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी म्हणून तीच घ्या, पण शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करू नका, ती खराब होते. घरी आणून उबेला ठेवा आणि मग लावा. पडदा नऊ इंचांचा पुरे. त्याला बटणे असावीत, कारण हातमोजे घालून टचस्क्रीन चालवणे हा वैताग आहे. शेजारच्या तंबूतही सोनार चालू असेल तर पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा येतात, तेव्हा तो व्यत्यय गाळण्याची सोय आहे का, हे विचारा.

किमतीचे गणित सरळ आहे. चांगला फ्लॅशर चार-पाचशे डॉलरपासून मिळतो, लाइव्ह सोनारचा पूर्ण संच काही हजारांत जातो. जो एका झोपडीत बसून खाली गळ सोडतो, त्याने हे पैसे घालू नयेत. जो दिवसभर भोके पाडत मासा शोधत फिरतो, आणि तेही उथळ पाण्यात, त्याचे पैसे वसूल होतात.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या किनाऱ्यावर एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली, कारण मासा सापडणे फार सोपे झाले होते. बर्फाखालीही तोच धोका आहे. हिवाळ्यात क्रॅपी नावाचे मासे खोल डोहात थवा करून राहतात, आणि लाइव्ह सोनारवर तो थवा लगेच सापडतो. तीस फुटांहून खोलातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते; परत सोडला तरी तो बहुधा जगत नाही. म्हणून खोल पाण्यात खाण्यापुरते मासे मिळाले की गळ गुंडाळा, ‘पकडून सोडू’ म्हणत बसू नका. आणि यंत्र विकत घेण्याआधी ते वापरणाऱ्या एखाद्या गाइडबरोबर एक दिवस तलावावर काढा.