तगराचीं खापरें व ग्रीकांचे चित्रकुंभ

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव गोरोबा कुंभारांच्या समाधीमुळें वारकऱ्यांस परिचित आहे. तेंच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगराचें वर्णन केलें असून, तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जातें, असें लिहून ठेविलें आहे. उलट वाटेनें पश्चिमेकडील मद्य आलें. तें ज्या दोन कानांच्या उंच कुंभांतून आलें त्यांचीं खापरें तेर येथें सांपडलीं आहेत.

हीं खापरें कोरीं आहेत. ग्रीकांच्या कुंभांवरील देवादिकांचीं चित्रें जगप्रसिद्ध; मग येथें एखादा वीर तरी कां नसावा? एक तर हा मालाचा कुंभ, त्यास कोण सजविणार! दुसरें, अथेन्सची ती कला तगराचा व्यापार भरास येण्यापूर्वीं सुमारें साडेतीनशें वर्षें लोपली होती.

त्या कलेंत काळा रंग निराळा नसेच. लोहयुक्त लाल मातीचाच अतिशय बारीक गाळलेला लेप देत. भट्टींत प्रथम हवा खेळूं देत. मग ओला लांकूडफांटा घालून ती कोंडीत, तेव्हां सारें भांडें काळें पडे. शेवटीं पुन्हां हवा सोडली कीं उघडी माती लाल होई, पण लेप कांचेसारखा घट्ट झालेला असल्यानें काळाच राही. हवा सोडण्याची वेळ चुकली कीं सारे श्रम वांया. आरंभीं आकृति काळ्या असत, इ. स. पूर्वीं ५३० च्या सुमारास आकृति लाल राखून भोंवतालची भूमि काळी करूं लागले.

एक्सेकियसच्या एका कुंभावर अकिलीझ व एजॅक्स हे ट्रॉयच्या रणांतील वीर चिलखत न उतरवितां पटावर खेळत बसले आहेत. त्या रणभूमीवरून दोघेही परत जावयाचे नाहींत. पाहणाऱ्यास तें ठाऊक असे, म्हणून तो खेळ मनास चटका लावतो. हा कुंभ इटलींतील व्हुल्ची या एट्रुस्कन नगरीं सांपडला. एट्रुस्कन लोक असे कुंभ विकत घेऊन थडग्यांत ठेवीत, म्हणूनच इतके कुंभ अखंड राहिले.

महाराष्ट्रांत ग्रीक देव आला तो धातूचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ति निघाली. तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या संग्रहांत मात्र एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तिच्याशीं साम्य असलेली भारतीय मूर्ति १९३८ सालीं पाँपेई येथें, इ. स. ७९ मधील ज्वालामुखीच्या राखेखालीं, सांपडली.