टोरांटोचं वार्तापत्र : उपनगरांच्या वाट्याची कला

टोरांटोच्या पूर्वेला स्कारबरो आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथली वस्ती सुमारे ६ लाख ३० हजार भरली. जाफन्याहून आलेले तमिळ, गयाना-त्रिनिदादचे भारतवंशीय, चिनी, फिलिपिनो, जमैकन, अफगाण अशी सगळी माणसं इथे शेजारी-शेजारी राहतात. जुलै २०२३ मध्ये स्कारबरोच्या छोट्या मेट्रोचा मागचा डबा रुळांवरून घसरला आणि ती मार्गिका कायमची बंद झाली. तेव्हापासून लोक बसने भुयारी मेट्रोपर्यंत जातात आणि तिथून पुढे शहरात. ऑपेरा, बॅले, सिंफनी, चित्रपट महोत्सवाची वास्तू, ओंटारिओची मोठी आर्ट गॅलरी हे सगळं मात्र शहराच्या मध्यभागी, डाउनटाउनमध्ये. उणे दहा तापमानात, दोन बस बदलून, मुलांना घेऊन संध्याकाळचं नाटक पाहायला कोण जाणार? कर मात्र सगळेच भरतात. पालिकेचा कलेसाठीचा पैसा उपनगरांतल्या वस्त्यांपर्यंत पोचवण्याचा जो प्रयत्न इथे गेली दोन दशकं चालू आहे, त्याच्या मुळाशी हा साधा हिशेब आहे.

आपल्याकडच्या वाचकाला ‘कॅनडातलं उपनगर’ म्हटलं की बंगली, हिरवळ आणि दोन मोटारी आठवतील. तशी उपनगरं आहेत, पण ती बहुतेक टोरांटोच्या हद्दीबाहेर. हद्दीच्या आतली स्कारबरो, नॉर्थ यॉर्क, एटोबिको ही दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेली. तिथे बैठ्या घरांच्या रांगांमधून काँक्रीटचे उंच भाड्याचे टॉवर उभे राहिले. ते बांधले गेले तरुण मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी. पुढे डाउनटाउनची भाडी वाढत गेली आणि नव्याने आलेले स्थलांतरित याच टॉवरांत येऊन राहू लागले. टोरांटो विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड हुल्चान्स्की यांनी १९७० पासूनच्या उत्पन्नांचे नकाशे मांडून २००७ साली दाखवून दिलं, की या एका शहरात खरं तर तीन शहरं आहेत आणि त्यांतलं गरीब शहर मध्यभागातून सरकून कडेला गेलं आहे. त्याआधी १ जानेवारी १९९८ रोजी प्रांतिक सरकारने टोरांटो आणि भोवतालच्या पाच पालिका एकत्र करून एकच महापालिका केली होती. स्थानिकांचा विरोध होता, पण तो जुमानला गेला नाही. आपली पालिका गेली आणि निर्णय लांब गेले, ही भावना स्कारबरो-एटोबिकोत आजही ऐकू येते.

मग २००४ मध्ये युनायटेड वे या संस्थेचा अहवाल आला. गरिबी ठरावीक पिनकोडांत कशी साचत चालली आहे, हे त्याने आकड्यांत मांडलं. २००५ च्या उन्हाळ्यात शहरात गोळीबाराच्या घटना वाढल्या, तरुण मुलं मेली. पालिकेने १३ वस्त्या प्राधान्याच्या म्हणून निवडल्या. पुढे २०१४ मध्ये ही यादी ३१ वस्त्यांची झाली. या गडबडीतच २००६ मध्ये ‘आर्टरीच’ सुरू झालं. उपेक्षित वस्त्यांतल्या तरुणांना कलाप्रकल्पांसाठी थेट पैसे देणारी ही योजना. अर्ज कसा लिहावा, अंदाजपत्रक कसं मांडावं, याच्या मोफत कार्यशाळाही ती घेते. बंदुकांच्या भीतीतून कलेला पैसा मिळावा, याचं मला आजही वाईट वाटतं. या मुलांना चित्रं काढता येतात, गाणी रचता येतात, हे आधीही खरंच होतं. त्यासाठी कुणाचा जीव जायला नको होता.

पैसे वाटले कसे जातात, हे थोडं विस्ताराने सांगण्यासारखं आहे. १९७४ साली स्थापन झालेली टोरांटो आर्ट्स कौन्सिल ही पालिकेच्या पैशावर चालते, पण पालिकेचं खातं नाही. नगरसेवक एकूण रक्कम मंजूर करतात. कोणत्या अर्जाला किती द्यायचे, हे ठरवायला त्यांना जागा नाही. ते ठरवतात त्या-त्या क्षेत्रातले कलावंत. काहीजणांची समिती बसते, अर्ज वाचते, चर्चा करते, गुण देते आणि उठते. पुढच्या खेपेला चेहरे वेगळे. ज्या माणसाने स्वतः पत्र्याच्या शेडमध्ये तालमी घेतल्या आहेत, त्याला दुसऱ्याच्या अंदाजपत्रकातला खोटा आकडा चटकन दिसतो आणि खरी निकडही दिसते. कोणाच्या शिफारशीची चिठ्ठी घेऊन जायला दारच ठेवलेलं नाही. यात चुका होत नाहीत असं नाही; समितीतल्या माणसांची आवडनिवड असतेच. पण चुकला तर कलावंत कलावंताबाबत चुकतो. मला ही व्यवस्था या शहराच्या मोठ्या कमाईंपैकी एक वाटते.

नाटक, नृत्य, साहित्य, दृश्यकला यांच्याबरोबर ‘कम्युनिटी आर्ट्स’ हा अनुदानाचा वेगळा विभाग आहे. अट एकच, पण पक्की. व्यावसायिक कलावंत आणि वस्तीतले रहिवासी यांनी मिळून काम करायचं. रहिवासी नुसते प्रेक्षक असून चालत नाहीत. गोष्ट त्यांची हवी, हात त्यांचे हवेत, काय करायचं हे ठरवण्यातही ते हवेत. कलावंताच्या मानधनाची ओळ अंदाजपत्रकात हवीच. समाजासाठी करताय ना, मग फुकट करा, हा विचार इथल्या कलावंतांनी फार आधी झिडकारला. १९६८ मध्ये याच ओंटारिओ प्रांतातल्या लंडन गावी चित्रकार जॅक चेंबर्स यांनी कलावंतांची संघटना उभी केली आणि चित्र टांगायचं तर मोबदला द्या, अशी मागणी लावून धरली. मानधनाचे जे दर आज गृहीत धरले जातात, त्यांच्यामागे ही लढाई आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं : पैसा आला कुठून? २००३ च्या सांस्कृतिक आराखड्यात पालिकेने माणशी २५ डॉलर कलेवर खर्चण्याचं उद्दिष्ट लिहून ठेवलं. लिहिलं आणि ते वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. मग तरुण कलावंतांच्या एका गटाने वेगळी मागणी पुढे केली. रस्त्यावरच्या प्रत्येक भिंतीवर, चौकात, पुलाखाली जाहिरात कंपन्यांचे फलक आहेत. सगळ्यांच्या नजरेसमोरची जागा त्या विकतात आणि पैसा कमावतात. त्यांच्यावर कर लावा आणि तो कलेला द्या. या मोहिमेचं नाव ब्युटिफुल सिटी. हे लोक अनेक वर्षं पालिकेच्या समित्यांपुढे बोलत राहिले. उपनगरांतली शाळा-कॉलेजची मुलं येऊन बोलली. डिसेंबर २००९ मध्ये कर मंजूर झाला आणि एप्रिल २०१० पासून लागू झाला. होर्डिंगवाल्यांनी कोर्टात धाव घेतली. २०१२ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने पालिकेची बाजू उचलून धरली. वर्षाला एक कोटी डॉलरच्या आसपास उत्पन्न. ते कलेकडे वळायला मात्र २०१३ उजाडावं लागलं. त्या वर्षी पालिकेने कलेचं बजेट टप्प्याटप्प्याने १ कोटी ७५ लाख डॉलरने वाढवायचं ठरवलं. तेव्हा महापौर होते रॉब फोर्ड, खर्चकपातीच्या घोषणेवर निवडून आलेले, एटोबिकोचे. त्यांच्या कारकिर्दीत हे घडलं, कारण बोलायला येणाऱ्यांत उपनगरांतले लोक होते आणि नगरसेवकांना ते आपले मतदार म्हणून ओळखता येत होते.

वाढलेल्या पैशातला चांगला वाटा मध्यभागाबाहेर नेण्याचं आर्ट्स कौन्सिलने ठरवलं. उपनगरात नाट्यगृहं फारशी नाहीत हे खरं, पण बागा आहेत आणि ग्रंथालयं आहेत. टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १०० शाखा आहेत. वस्तीतलं मूल शाळेनंतर पायी जिथे पोचू शकतं, अशी ती जागा. तिथे कलावंतांना काही महिन्यांसाठी बसवण्याची योजना निघाली. २०१६ पासून उन्हाळ्यात बागांमध्ये मोफत नाटकं, नाच आणि कार्यशाळा सुरू झाल्या. बागेत नाटक करायचं म्हणजे परवाना, विमा, ध्वनिक्षेपकाची परवानगी, वीज कुठून घ्यायची आणि पाऊस आला तर काय, अशी यादी असते. छोटी मंडळी इथेच हात टेकतात. उद्यान खात्याला यात भागीदार करून घेतलं, ही या योजनेतली हुशारी. माझ्या मते नुसते पैसे देण्यापेक्षा हे मोठं काम झालं.

उदाहरण द्यायचं तर एटोबिकोतल्या मेबेल अव्हेन्यूचं देईन. इस्लिंग्टन मेट्रो स्टेशनपासून जवळच पालिकेच्या घरांचे उंच टॉवर आहेत. राहणाऱ्यांत सोमाली कुटुंबं बरीच. रूथ हॉवर्ड यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली जंबलीज ही नाट्यसंस्था एकेका वस्तीत जाऊन काही वर्षं मुक्काम करते आणि रहिवाशांना घेऊन मोठं नाटक उभं करते. इथल्या सोमाली रहिवाशांबरोबर तिने असंच नाटक केलं. नाटक झाल्यावर कलावंत निघून जातात आणि वस्ती पुन्हा होती तशी उरते, ही अशा कामाची जुनी खंत. इथे तसं झालं नाही. जंबलीजच्या कामातूनच २००७ मध्ये लीआ ह्यूस्टन यांनी मेबेलआर्ट्स सुरू केलं आणि ते वस्तीतच राहिलं. टॉवरांच्या मधोमध एक ओसाड मैदान होतं, कोणी फारसं न फिरकणारं. रहिवासी, कलावंत आणि पालिका यांनी मिळून त्याची बाग केली. रमजानमध्ये तिथे रात्री इफ्तार होतात, मुलांनी केलेले कंदील लागतात, शेकोटीभोवती गाणी आणि गोष्टी होतात. मुसलमान नसलेले शेजारीही जेवायला बसतात. पहिल्या वर्षाचा अहवाल पाहून कोणी यशापयश ठरवलं असतं, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. या कामाला वीस वर्षं होत आली आहेत.

दुसरं उदाहरण कला-अनुदानाच्या चौकटीत पुरतं बसत नाही, तरी सांगतो. थॉर्नक्लिफ पार्क ही वस्ती साडेबारा हजार लोकांसाठी आखली होती, आज तिथे त्याहून कितीतरी जास्त लोक राहतात. तिथल्या बायकांनी २००८ मध्ये समिती केली आणि सबीना अली यांच्या पुढाकाराने मोडक्या झोपाळ्यांच्या बागेत आठवडी बाजार आणि कार्यक्रम सुरू केले. पुढे त्यांनी बागेत तंदूर मागितला. पालिकेच्या नियमावलीत तंदूर नव्हताच, त्यामुळे अडचणी आल्या. पण २०१३ मध्ये तो बसला. उत्तर अमेरिकेतल्या सार्वजनिक बागेतला तो पहिला तंदूर मानला जातो. वस्तीला काय हवं हे वस्तीला माहीत असतं, आणि पालिकेने अडून न बसणं हीसुद्धा एक मदतच असते, हे इथे दिसतं.

उपनगरांत कलावंतांची वाण आहे, असं म्हणण्याची सोय आता कोणालाच नाही. स्कारबरोच्या एका सामुदायिक केंद्रात दर आठवड्याला तरुणांच्या कविता आणि गाण्यांची मैफल भरवणारे रँडेल अजेई २०२१ मध्ये ओंटारिओचे पहिले राजकवी झाले. वाण आहे ती जागेची. तालमीला हॉल नाही. असला तर शाळेचा, आणि त्याचं भाडं छोट्या गटाला झेपत नाही. पालिकेने साजऱ्या केलेल्या २०२१-२२ च्या सार्वजनिक कलेच्या वर्षात स्कारबरो टाउन सेंटर आणि एटोबिकोतल्या क्लोव्हरडेल मॉलमध्ये प्रदर्शनाची केंद्रं उघडली गेली. लोक जिथे येतात तिथे कला नेली, हे बरोबरच केलं. पण मॉलमधला गाळा भाडेकरू मिळेपर्यंतच आपला.

इथेच माझी या व्यवस्थेबद्दलची मुख्य तक्रार येते. वस्तीतल्या गटांना जे मिळतं ते बहुतेक प्रकल्पाचं अनुदान. सहा महिने, वर्ष. मग अहवाल लिहा, नवा अर्ज करा, नवं काहीतरी सुचवा. जे चाललंय ते चांगलं चाललंय, तेच पुढे चालू द्या, असं म्हणायला त्या अर्जात रकाना नसतो. डाउनटाउनच्या मोठ्या संस्थांना मात्र दरवर्षीचा चालू खर्च मिळतो. त्यांना इमारत, कर्मचारी आणि अर्ज लिहिणारी माणसं ठेवता येतात. स्कारबरो आर्ट्स ही संस्था १९७८ पासून टिकली, ती तिला सातत्याने मिळालेल्या आधारामुळे. असा आधार मिळणाऱ्या उपनगरी संस्था बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. शिवाय अर्ज इंग्रजीत आणि ठरावीक धाटणीचा. ज्या आजीला चाळीस ओव्या पाठ आहेत किंवा ज्या सोमाली आजोबांच्या तोंडी शेकडो ओळींचं काव्य आहे, त्यांना ‘प्रकल्पाची फलनिष्पत्ती’ लिहिता येणार नाही. ती लिहून देणारा मधला माणूस लागतो आणि त्याच्या कामाला मानधनाची ओळ क्वचितच मिळते.

२०२४ मध्ये पालिकेने पुढच्या दहा वर्षांचा सांस्कृतिक आराखडा मंजूर केला. कला शहरात सगळीकडे आणि सगळ्यांसाठी, असं त्याचं म्हणणं आहे. ते खरं करायचं असेल तर उपनगरांत नवे प्रकल्प कमी झाले तरी चालतील. पण निदान तीन-तीन वर्षांचा बांधील पैसा आणि तालमीच्या खोल्या हव्यात.

शेवटी या शहरातल्या आणि आसपासच्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. ब्रॅम्पटन आणि मिसिसागा या वेगळ्या महापालिका आहेत. तिथे राहणाऱ्यांनी आपापल्या शहराकडे अर्ज करायचा, टोरांटोचा पैसा टोरांटोत राहणाऱ्यांसाठीच आहे. आणि जे स्कारबरो, नॉर्थ यॉर्क, एटोबिकोत राहतात, त्यांनी आपली नाटकं, भजनं, लेझीम फक्त आपल्या मंडळाच्या सभासदांपुरती ठेवू नयेत. शेजारच्या तमिळ, सोमाली, चिनी कुटुंबांना बरोबर घेऊन बागेत काही उभं करायचं असेल, तर त्यासाठी पैसे आहेत आणि अर्जाची मोफत माहितीसत्रंही होतात. कौन्सिलला समित्यांवर बसायला निरनिराळ्या समाजांतले कलावंतही हवे असतात. आपल्यातल्या जाणकारांनी तिथे नाव द्यावं.