'रोड' या शब्दाचे अंतर

गेल्या पावसाळ्यात कॉलेज आटोपून मी रात्रीच्या गाडीने अक्कलकोट रोडला उतरलो. माझ्याबरोबर एक आजी उतरल्या. हातात पिशवी आणि पिशवीत नारळ. "बाळा, स्वामींचं देऊळ कुठल्या अंगाला?" त्यांनी विचारले. "आजी, हे नुसतं स्टेशन. अक्कलकोट अजून दहा-अकरा किलोमीटर आहे." शेवटची जीप निघून गेली होती. वडील मला न्यायला मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी आजींना मागे बसवले आणि मी बाकावर थांबलो.

समोर पिवळी पाटी होती. त्या रात्री प्रथमच मी 'रोड' या शब्दाचा विचार केला.

मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० साली सोलापुरास पोचली. पुढे १८७१ मध्ये रायचूरला ती मद्रास रेल्वेला मिळाली. अशा लांब पल्ल्याच्या मार्गाला गावोगाव वळणे परवडत नाहीत. वळण घेतले की रूळ वाढतात, भराव-पूल वाढतात, कोळसाही वाढतो. म्हणून भोसल्यांच्या संस्थानची राजधानी असूनही अक्कलकोट बाजूलाच राहिले. गावाकडे जाणारा रस्ता जेथे रुळांना भेटतो, तेथे स्टेशन झाले. 'रोड' म्हणजे 'येथे उतरा आणि पुढे चालू लागा'! गाणगापूर रोड, जत रोड ही याचीच भावंडे.

आपल्या जिल्ह्यात एका गावाने मात्र हा शब्द पुसला. आजचे कुर्डुवाडी स्टेशन पूर्वी 'बार्शी रोड' होते. तेथून बार्शी सुमारे ३५ किलोमीटर. बार्शीचा कापूस बैलगाड्यांतून रुळांपर्यंत येई. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी मार्ग आखला. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, अशी इंजिने व डबे त्याने योजले. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्च आटोक्यात आला. १८९७ साली गाडी थेट बार्शीत शिरली. मोठी रेल्वे वळली नाही, म्हणून छोटी रेल्वे गावापर्यंत गेली.

अक्कलकोटला तसे भाग्य लाभले नाही. तेथील अंतर अजून माणसेच भरून काढतात. कधी जीपवाला, कधी रिक्षावाला, तर कधी कुणाचे वडील.

तासाभराने रस्त्यावर दिवा दिसला. वडील म्हणाले, "आजी भक्तनिवासापाशी सुखरूप उतरल्या. जाताना तुला नारळ दिलाय."