‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे विचारायलाच हवं

सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी १९६०च्या दशकाअखेरीस काही रुग्णांना पत्रं धाडायला सुरुवात केली. नैराश्यामुळे किंवा जीव देण्याच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून आलेली, पण पुढचे उपचार नाकारलेली ही माणसं. पत्र दोन-चार ओळींचं: कसे आहात, बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा. उपदेश नाही, औषधांची चौकशी नाही. पाच वर्षांत प्रत्येकाला २४ पत्रं. पहिल्या दोन वर्षांत या गटातल्या आत्महत्या, पत्रं न मिळालेल्या गटापेक्षा ठळकपणे कमी होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने हाच धागा पाच देशांत तपासला. त्यात चेन्नईही होतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांशी घरी सोडताना तासभर बोलायचं, मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ साली निष्कर्ष आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी २.२ टक्के लोकांनी पुढे आत्महत्या केली होती. विचारपूस होत राहिलेल्यांपैकी ०.२ टक्के.

एवढ्याने फरक पडतो, कारण हा विचार अखंड टिकत नाही. तो उसळतो आणि ओसरतो. बहुतेकांना मरण नको असतं. सोसवेनाशी झालेली वेदना थांबायला हवी असते. ‘आपण घरच्यांवर ओझं आहोत’ ही समजूत त्या घटकेला अगदी खरी वाटते.

म्हणून उपचारांत आधी ती घटका निभावण्याची तयारी येते. रुग्ण आणि समुपदेशक मिळून लिहून काढतात: धोक्याची चाहूल कशी लागते, मन कशात गुंततं, फोन कोणाला करायचा, घरातल्या कोणत्या वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत. पुढे मानसोपचार. तीव्र भावना पेलायला शिकवणारी ‘डीबीटी’ ही पद्धत घडवणाऱ्या मार्शा लिनेहान तरुणपणी स्वतः याच विचारांतून गेल्या होत्या. २०११ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. मूळ आजारावर औषधंही लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; तोवर, विशेषतः तरुण रुग्णांकडे, बारीक लक्ष हवं.

विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. संशोधनाला तसा आधार सापडलेला नाही. उलट कोणीतरी थेट विचारल्यावर अनेकांना मोकळं वाटतं. तेव्हा आडवळणाने नको, सरळ विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची ‘टेलि मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते. असे विचार तुमच्याच मनात येत असतील, तर आजच तिथे फोन करा.